मागून घेतलेले तीन तास

गहिनीनाथ भेटला तोच मुळी हसत. माळीवाडा वेशीजवळच्या मोटारस्टँडवर फिलिप हिवाळे श्रीरामपूरच्या सर्व्हिस मोटारीच्या मागच्या भट्टीत कोळसा ठासत होता. लढाई संपून सव्वा वर्ष झालं तरी पेट्रोलची मारामार संपली नव्हती, आणि कोळशाच्या धुरावर चालणारी ती मोटार रोज सकाळी पाऊण तास खोकल्याशिवाय जागची हलत नसे. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "काय उस्ताद, वळखलं का?" फिलिपनं मान वळवली. उस्ताद ही हाक कानावर पडून वर्ष होत आलं होतं, आणि ती ऐकताच त्याची पाठ आपोआप ताठ झाली, याचाच त्याला आधी राग आला. समोर खाकी शर्ट आणि धोतर अशा धेडगुजरी वेषात खर्ड्याचा गहिनीनाथ उभा होता. फिलिपनं लष्करात गाडी चालवायला शिकवलेल्या चव्वेचाळीसच्या एप्रिलच्या तुकडीतला. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. कसल्याशा कागदावर सही आणायला तो नगरला आला होता आणि साहेब जागेवर नव्हता, म्हणून गावभर हिंडत होता. मोटार सुटायला अवकाश होता. फिलिपनं हात पुसले आणि त्याला चहाला नेलं. नेलं नसतं तर बरं झालं असतं, असं पुढं दोन दिवस त्याच्या मनात येत राहिलं.

"तुमचा मेव्हना आन मी एकाच गाडीत हुतो की," गहिनीनाथ बशीत चहा ओतत म्हणाला. "ठावं न्हाई व्हय तुमाला?"

फिलिपला ठाऊक नव्हतं. थॉमस, म्हणजे त्याच्या बायकोचा, साराचा, धाकटा भाऊ, पंचेचाळीसच्या मार्चमध्ये बर्मात कामी आला, एवढंच सरकारी कागदानं कळवलं होतं. पुढं फिलिपनं दोनदा लिहून विचारलं, तर दोन्ही वेळा तेच तीन ओळींचं उत्तर आलं.

"रस्ता ह्यो असा चिंचोळा, दोन्ही अंगाला झाडी. आन सायेब वरनं वरडतुया, झडप बंद कर, झडप बंद कर. थॉमस म्हनला, बंद केली की मला काय दिसत न्हाई, गाडी खड्ड्यात घालीन. उघडीच ठिवली त्यानं. गोळी सरळ आत आली." गहिनीनाथनं बशी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. मग जुनी गंमत आठवावी तसा तो हसला. "बाकी आमाला तुमी उन्हात घामाघूम केलं, झडपा लावून तीन तीन फेऱ्या. मेव्हन्याला मातर नुसतंच पास. त्यो सांगायचा की आमाला, दाजीनं परीक्षेला बसवलंच न्हाई म्हनून. लई हसायचो आमी."

त्याच्या बोलण्यात ना राग होता ना टोमणा. असता तर फिलिपला काही उत्तर देता आलं असतं. त्यानं चहाचे पैसे दिले, गहिनीनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोटारीत जाऊन बसला. श्रीरामपूरपर्यंतचा रस्ता त्यानं कसा काटला हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. हात गिअर टाकत होते, भोंगा वाजवत होते, राहुरीला शेळ्यांचा कळप आडवा आला तेव्हा पायानं ब्रेकही बरोबर दाबला. पण डोळ्यांसमोर एक झडप होती. बख्तरबंद गाडीत ड्रायव्हरच्या तोंडासमोर, हातभर रुंदीची, लोखंडी. ती उघडी असली की समोरचं सगळं जग दिसतं. ती पाडली की उरते बोटभर फट, आणि त्या फटीतून जे काही दिसेल तेवढ्यावर सहा-सात टनांचं धूड हाकायचं. आत भट्टीसारखं उकडतं, पेट्रोलचा वास नाकातोंडात जातो, आपलाच श्वास आपल्या कानात घुमतो. पहिल्यांदा झडप पाडल्यावर भले भले पैलवान ओरडत. फिलिप त्यांना ओरडू देई. मग बंदुकीचा दस्ता बाहेरून पत्र्यावर आपटून म्हणे, "चलो."

एक्केचाळीस साली तो स्वतः भरती झाला तेव्हा त्याला नगरच्या पुढचं जग बघायचं होतं. मिशनच्या शाळेत मुलांना भूगोल शिकवता शिकवता त्याला त्या नकाशाचाच कंटाळा आला होता. इजिप्त, इराण, सिंगापूर, नुसती नावं घोकून घ्यायची आणि छडीच्या टोकानं दाखवायची. मार्था तेव्हा पाच वर्षांची होती. सारा रडली, पण अडवलं नाही. भरतीच्या साहेबानं छाती मोजली, दात बघितले, धडा वाचून घेतला आणि त्याला कुठं धाडलं, तर नगरच्याच कॅम्पात. घरापासून चार मैलांवर. तिथं सहा महिने त्याच्या अंगातला मास्तर हाणून हाणून बाहेर काढला. पहाटे परेड, मग दोर चढणं, मग इंजिनाचे सुटे भाग डोळ्यांवर पट्टी बांधून जुळवणं. भाकरीचा जीव, त्याला लष्करी लंगरच्या चामट रोट्यांनी पोट धरून बसवलं. हिंदुस्थानी हुकूम कानात एवढे भरले की सुट्टीत घरी आल्यावर तो मार्थाला "बैठ जाव" म्हणाला आणि पोर रडायला लागली. पण गाडी हातात आली आणि तो सुधरला. झडप बंद करून फटीतून बघत त्यानं ती चढावर, नाल्यात, दगडांच्या रांगेमधून अशी नेली की गोरा साहेब टॉवेलनं मान पुसत म्हणाला, हा माणूस आपल्याला पाहिजे. झालं, तिथंच त्याचं नशीब फुटलं. गाडी उत्तम येते, वाचता-लिहिता येतं, शिकवायची सवय आहे, मग याला आघाडीवर कशाला धाडायचं? त्याला उस्ताद केलं.

चार वर्षं तो त्याच धुळीच्या मैदानावर चकरा मारत राहिला. साडेसातशे पोरं त्याच्या हाताखालून गेली. दर तुकडीला तो लॉरीत घालून स्टेशनवर सोडून येई, त्यांच्या खिडकीतून बाहेर आलेल्या हातांना हात लावी आणि रिकामी लॉरी घेऊन परत फिरे. ती परतीची वाट त्याला खायला उठे. मागं फळ्या खडखडत असायच्या आणि रस्त्यावरचे लोक त्याच्याकडे, म्हणजे लढाईत असूनही लढाईत नसलेल्या माणसाकडे, बघायचेसुद्धा नाहीत. तीनदा त्यानं बदलीचा अर्ज केला आणि तीनदा तो नामंजूर झाला. मार्था शाळेत जायला लागली आणि तिनं विचारलं, "पपा, तुम्ही लढाईत किती माणसं मारली?" तो म्हणाला, "एकही नाही." तिचं तोंड उतरलं. मोटार देवळाली प्रवराच्या अलीकडच्या चढाला धापा टाकत होती तेव्हा त्याला हे आठवलं, आणि ते उत्तर आता पुन्हा तसंच देता येणार नाही, हेही त्याच्या ध्यानात आलं.

थॉमस त्याच्याच तुकडीत आला हा निव्वळ योगायोग. वीस वर्षांचा, गळ्यात गोड आवाज, हात कुशल. इंजिन त्याला हां हां म्हणता समजलं. फक्त झडप पाडली की त्याचे हात गार पडत. आठ वर्षांचा असताना गावच्या पेवात, जमिनीखालच्या धान्याच्या खोल कोठारात, ज्वारी काढायला त्याला दोरानं सोडलं होतं आणि आतल्या कोंडलेल्या हवेनं तो बेशुद्ध पडला होता. वर काढला तेव्हा निळा झाला होता. ही हकीकत साराकडून फिलिपनं ऐकलेली होती. सरावात थॉमस झडप पाडायचा, दहा-वीस यार्ड जायचा आणि हळूच वर सारायचा. फिलिप दिसूनही न दिसल्यासारखं करायचा. परीक्षेत करील, असं म्हणायचा. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यानं त्याला दुपारभर पळवलं असतं.

ती परीक्षा शुक्रवारी दुपारी बारा ते तीन ठेवलेली होती. सोमवारी तुकडी निघायची. तो शुक्रवार गुड फ्रायडेचा आहे, हे साहेबाच्या लक्षात नव्हतं आणि फिलिपच्या होतं. गुरुवारी दुपारी थॉमसची आई, मरियमबाई, गावाहून रेल्वेनं आल्या आणि कॅम्पाच्या फाटकाशी डोक्यावर पदर घेऊन दोन तास उभ्या राहिल्या. जावई बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच मागितलं. "जावईबापू, उद्या तेवढे तीन तास माझ्या लेकराला द्या. माझ्यासंगं देवळात बसंल. पुना कवा बसंल ते देवाला ठावं." सासू कधी काही मागत नसे. आणि गुड फ्रायडेची ती तीन तासांची उपासना, वधस्तंभावरच्या ख्रिस्ताच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं, मधे गायनं, तिला नाही कसं म्हणायचं? हिंदू, मुसलमान पोरांना परीक्षा आणि आपल्या दोघांपैकी एकाला उपासना, यात त्याला वावगं काही वाटलं नाही. उलट मनातून बरंच वाटलं. शुक्रवारी थॉमस इस्त्रीचे कपडे करून आईबरोबर गेला. फिलिप मैदानावर राहिला, एकेकाची झडप पाडून त्याला उन्हात फिरवत. संध्याकाळी तक्त्यात सगळ्यांच्या नावापुढं निकाल भरला तेव्हा थॉमसच्या नावापुढंही 'पास' लिहिलं. शिसपेन थबकलीसुद्धा नाही. इथवर त्याला सगळं स्वच्छ आठवे. त्यानंतरच्या शनिवारकडे मात्र त्याचं मन जाऊ लागलं की तो काहीतरी काम काढी.

आणि आता या उपकारस्तुतीच्या रविवारी मरियमबाई साक्ष देणार होत्या. बाजरीची सुगी झाली की मंडळी कणसांनी चर्च सजवत, आणि पाळकसाहेब नावं पुकारत. ज्याच्यावर देवानं काही कृपा केली त्यानं उभं राहून ती सांगायची. यंदा लढाईवरून परतलेल्यांचीही उपकारस्तुती त्यातच होती. मरियमबाई थॉमस गेल्यापासून मुलीकडे नगरलाच राहत. गेल्या वर्षीही त्यांनी साक्ष दिली होती. लेक गेल्याचं त्यांनी दोन शब्दांत सांगितलं होतं आणि त्या तीन तासांचं मात्र पाव तास सांगितलं होतं. थॉमस कोणत्या बाकावर बसला, कोणतं गीत त्यानं गायलं, चौथ्या उद्गाराला त्यानं आईचा हात कसा धरला आणि सुटेपर्यंत सोडला नाही. शेवटी म्हणाल्या, "माझ्या जावयानं मला ते तीन तास दिले. परमेश्वर त्याचं भलं करो." अख्खी मंडळी 'आमेन' म्हणाली होती. फिलिपही म्हणाला होता. तेव्हा नुसतं अवघडल्यासारखं झालं होतं. आता गहिनीनाथ भेटून गेल्यावर तो आमेन पुन्हा म्हणणं त्याच्यानं होणार नव्हतं. शिव्या द्या, तोंडावर दार लावा, पण आभार मानू नका. गहिनीनाथ भेटला त्या शुक्रवारची परतीची फेरी आणि शनिवारची सकाळ त्यानं या एकाच विचारात काढली, आणि शनिवारी दुपारी घरी येऊन बूटही न काढता तो अंगणात गेला.

मरियमबाई अंगणात बसून बाजरीच्या कणसांच्या जुड्या बांधत होत्या. सारा मार्थाला घेऊन चर्च झाडायला गेली होती. फिलिप समोर पायरीवर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. गहिनीनाथ, तो अरुंद रस्ता, झडप, आणि चव्वेचाळीस सालच्या त्या दुपारी थॉमस चर्चमध्ये असताना इकडे काय होतं ते. तक्त्यात आपण खोटं लिहिलं तेही. बोलताना त्याचा आवाज चढत गेला, जणू समोर सासू नसून त्याचा अर्ज नामंजूर करणारा साहेब बसला होता.

मरियमबाईंचे हात थांबले. "बारा ते तीन व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो मामी."

"ज्या टायमाला आमी देवळात हुतो."

"हो."

त्यांनी हातातली जुडी पूर्ण बांधली, गाठ मारली आणि बाजूला ठेवली. "म्हंजी मीच मागून घेतलं म्हना," त्या म्हणाल्या.

नाही, असं म्हणायला फिलिपचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण त्या क्षणी त्याला हलकं वाटलं. खरोखर वाटलं, दीड दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून समोरच्या म्हातारीच्या छातीवर जाऊन बसावं तसं. ते त्याला कळलं, त्याची शरमही वाटली, तरी तो बोलला नाही. त्या उठल्या, लुगड्यावरचा भुसा झटकला आणि आत गेल्या. रात्री जेवायला बसल्या पण भाकरी चतकोरच खाल्ली. सारानं विचारलं तर म्हणाल्या, दाढ दुखती. फिलिपला सासूचा राग आला. रागावण्यासारखं त्यांनी काहीही केलेलं नव्हतं, आणि म्हणूनच तो राग निवायला कुठं जागा मिळेना. आपण खरं बोललो, आता आणखी काय करायचं, असं तो अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःशी भांडत राहिला. चार वर्षं लढाईत राहून एक माणूस मेला, आणि आता घरी बसून दुसऱ्याला मारतोय की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. त्यानं कूस बदलली.

रविवारी चर्चमध्ये कणसांचा वास दाटला होता. खिडक्यांच्या कमानींना ज्वारीची हिरवी ताटं बांधली होती, वेदीपुढं भोपळे, वांगी, शेंगांच्या पाट्या. परतलेल्या शिपायांनी एकामागून एक साक्षी दिल्या. कुणी वाळवंटात तहानेनं मरता मरता वाचला होता, कुणाची आगबोट बुडाली होती. फिलिप आपल्या बुटांकडे बघत बसला. बुटांना आजही पॉलिश चकचकीत होतं. ती खोड लष्करानं लावली होती आणि ती जायला तयार नव्हती. मग पाळकसाहेब चष्मा सारखा करून हसले आणि म्हणाले, "मरियमबाई." मंडळीत जरा हालचाल झाली. गेल्या वर्षीची साक्ष लोकांच्या ध्यानात होती. बायकांनी पदर आधीच डोळ्यांशी नेले. मरियमबाई उठल्या. पुढच्या बाकाच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला.

"माझी काय साक्ष न्हाई," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पाळकसाहेबांनी घाईनं एक गीत सांगितलं, बाजापेटी सुरू झाली, मंडळी उठून गायला लागली. सारा गाईना. तिनं एकदा आईकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि तिची नजर तिथंच राहिली. फिलिपला गीत पाठ होतं. तो नुसते ओठ हलवत होता. ते तीन तास म्हातारीनं अडीच वर्षं जपून ठेवले होते, आणि आपल्या एका दुपारच्या कढापायी आपण ते हिसकावून घेतले, एवढं त्याला त्या गीताच्या चार कडव्यांत पुरतं कळून चुकलं.

चौघं घराकडे निघाली. ऊन चांगलंच तापलं होतं. मरियमबाईंना डोळ्यांनी अलीकडे कमी दिसे, म्हणून त्यांचं गीतपुस्तक फिलिपच्या हातात होतं आणि साराच्या खांद्यावर त्यांचा हात होता. मार्था पुढं पुढं पळत होती. घासगल्लीच्या तोंडाशी मरियमबाई थांबल्या.

"जावईबापू, येक इचारू?"

"विचारा ना मामी."

"ती परीक्षा दुसऱ्या दिशी घेता आली नसती का?"

सारानं वळून बघितलं. तिला परीक्षेचं काही ठाऊक नव्हतं, पण आईच्या आवाजावरून काहीतरी मोठं आहे हे तिला समजलं. फिलिपला वाटलं, नाही म्हणावं. शनिवारी मैदान मिळत नव्हतं, गाडी नव्हती, साहेबाचा हुकूम होता. यातलं काहीही खपलं असतं. विचारणार कोण होतं? आणि मग तो शनिवार, इतके दिवस पाठ फिरवून ठेवलेला, समोर येऊन उभा राहिला. सकाळची आठची वेळ, मैदान रिकामं, गाड्या ओळीनं उभ्या. आदल्या संध्याकाळीच तिसरा अर्ज नामंजूर होऊन आला होता आणि तो कागद खिशात घेऊन फिलिप बराकीच्या पायरीवर धुमसत बसला होता. थॉमस आला. पायांत बूट, डोक्यावर टोपी, तयारीनंच आलेला. चेहरा पांढरा पडलेला, पण आलेला.

"आली असती," फिलिप म्हणाला. "शनिवारी सगळा दिवस गाड्या रिकाम्या होत्या. थॉमस स्वतः आला होता माझ्याकडे. दाजी, आज माझी घ्या, म्हणाला. मीच नाही म्हटलं. मी लिहून टाकलंय, जा, बूट घास, असं म्हटलं मी त्याला."

"का?" हे सारानं विचारलं.

"मला मैदानाकडे बघवत नव्हतं त्या दिवशी. जिवावर आलं होतं माझ्या. बाकी काही कारण नाही."

रस्त्यातून एक टांगा गेला. सारानं ओठ दातांखाली धरले होते. मरियमबाईंनी साराच्या खांद्यावरचा हात काढला, चाचपत दोन पावलं फिलिपकडे आल्या आणि त्याच्या हातातून आपलं गीतपुस्तक ओढून घेतलं. ते दोन्ही हातांनी त्यांनी छातीशी धरलं.

"मंग त्ये तीन तास माझे," त्या म्हणाल्या. "शनवार तुमचा."

त्यांनी लेकीला खुणावलं. सारानं आईचा हात पुन्हा आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघी चालू लागल्या. दहा पावलांवर मरियमबाई थांबल्या, मागं न बघताच म्हणाल्या, "तुमी मागनं या." सारा वळून बघील असं फिलिपला वाटलं. ती वळली नाही. पुढं गेलेली मार्था परत पळत आली, आईनं तिचा हात धरला, आणि तिघी गल्लीच्या सावलीच्या बाजूनं घराकडे गेल्या. फिलिप उन्हातच उभा राहिला. घर तिथून शंभर पावलांवर होतं.